जुनें साधन, नवें यंत्र

आजच्या भाषणाचा विषय ऐकून आपणांपैकीं कित्येकांना हंसूं येईल. कळवणसारख्या तालुक्याच्या गांवीं राहणाऱ्या, मॅट्रिकपलीकडे न गेलेल्या आणि जन्मभर खडू झिजविलेल्या निवृत्त शाळामास्तरानें संगणकावरील चित्रदुरुस्तीच्या जुन्या साधनांचा इतिहास सांगावा, हें कांहींसें विपरीतच दिसतें. परंतु इतिहास हा केवळ किल्ल्यांचा आणि लढायांचाच असतो असें नाहीं. हातांतलें अवजार जुनें कसें होतें, तें जुनें झालें असें कोण ठरवितें, आणि तसें ठरल्यावरहि माणसें तें कां सोडीत नाहींत, हाहि इतिहासच आहे. मला तो एका छायाचित्रापायीं शिकावा लागला. म्हणून त्या छायाचित्रापासूनच आरंभ करतों.

आमच्या शाळेचा सुवर्णमहोत्सव २००४ सालीं झाला. त्या निमित्तानें काढलेल्या स्मरणिकेसाठीं १९६२ सालच्या सातवीच्या वर्गाचें एक छायाचित्र आम्हांला एका घरांतून मिळालें. कोपरे कुरतडलेले, मधोमध घडी पडलेली, आणि दोघांच्या चेहऱ्यांवर पाण्याचा डाग. माझ्याच एका विद्यार्थ्याचा गांवांत फोटो स्टुडिओ आहे. त्यानें तें चित्र स्कॅन करून 'फोटोशॉप'च्या सातव्या आवृत्तींत चार रात्री बसून नीट केलें आणि खालीं एकतीस मुलामुलींचीं नांवें मराठींत लिहिलीं. नांवें सांगणारे आमचे वृद्ध सहकारी त्याच्या शेजारीं बसून एकेक चेहरा ओळखीत होते. छापतांना मात्र पानावर जागा पुरेना, म्हणून नांवें झांकून ठेवून नुसतें चित्र छापलें. मूळ प्रत घरच्या मंडळींना परत केली. तिला पुढें वाळवी लागली. नांवें सांगणारे गुरुजीहि गेले. म्हणजे एकतीस चेहऱ्यांचीं नांवें आतां जगांत एकाच ठिकाणीं उरलीं होतीं, आणि तें ठिकाण म्हणजे त्या संगणकी फाइलींतला एक झांकलेला थर.

गेल्या वर्षीं तें चित्र मोठें करून शाळेंत लावावें असें ठरलें. विद्यार्थ्यानें नव्या संगणकावर फाइल उघडली आणि नांवांचा थर उघडा केला. नांवें जशींच्या तशीं दिसलीं. तो म्हणाला, "गुरुजी, दिसतंय तें चांगलं आहे; पण नांवांना हात लावूं नये असं वाटतं." मीं म्हटलें, "अरे, अक्षरें जरा मोठीं कर, माझ्या डोळ्यांना दिसत नाहींत." त्यानें नांवांवर टिचकी मारली मात्र, आणि सगळीं नांवें नाहींशीं होऊन त्यांच्या जागीं रोमन अक्षरें, कंस, अधोरेखा आणि परदेशी चलनांच्या खुणा पसरल्या. संवयीनें त्याच्या हातून फाइल तशीच जतनहि झाली. दोष त्याचा नाहीं, माझा आहे.

हें कां घडलें तें समजण्यासाठीं थोडें मागें गेलें पाहिजे.

चित्रावर हात फिरविण्याची कला संगणकाबरोबर जन्मली नाहीं. आमच्याच नाशिक जिल्ह्यांत, त्र्यंबकेश्वरीं, १८७० सालीं जन्मलेले धुंडिराज गोविंद फाळके चित्रपटाकडे वळण्यापूर्वीं छायाचित्रकार आणि छपाईचे ठसे करणारे कारागीर होते. राजा रविवर्म्याची चित्रें छापणारा छापखाना लोणावळ्याजवळ मळवलीस होता. त्याच्यासाठींहि त्यांनीं काम केलें होतें. त्या काळचा छायाचित्रकार कांचेच्या निगेटिव्हवर टोंकदार पेन्सिलीनें बारीक ठिपके देऊन चेहऱ्यावरचे देवीचे व्रण बुजवीत असे. ती पेन्सिल करणारा कारखाना उद्यां बुडाला तरी हातांतली पेन्सिल चालावयाची थांबत नसे. कुंचला, कांच, शाई यांना कोणाच्या पाठबळाची गरज नव्हती. संगणकावरच्या साधनाचें तसें नाहीं. तें एका खालच्या व्यवस्थेवर उभें असतें, ती व्यवस्था यंत्रावर उभी असते, आणि यांपैकीं एक जरी बदललें तरी वरचें साधन डळमळूं लागतें.

'फोटोशॉप' हें अशा साधनांपैकीं सर्वांत प्रसिद्ध. अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठांत संशोधन करणाऱ्या थॉमस नोल या तरुणानें १९८७ सालीं आपल्या लहानशा मॅकिंटॉश संगणकावर करड्या छटांचीं चित्रें दाखविणारा एक प्रोग्रॅम लिहिला. त्याचा भाऊ जॉन हा चित्रपटांतील चमत्कृतिदृश्यें करणाऱ्या संस्थेंत नोकरीस होता. त्याला त्याचा उपयोग तात्काळ कळला. वडील प्राध्यापक, पण छायाचित्रणाचे षोकी. घराच्या तळघरांत त्यांची काळोखी खोली होती आणि मुलें तिच्यांतच चित्र धुण्याचे धडे शिकलेलीं. फोटोशॉपमधील पुष्कळ साधनांचीं नांवें त्या काळोख्या खोलींतून आलेलीं आहेत, हें त्यामुळें नवल नाहीं. अडोबी कंपनीनें तो प्रोग्रॅम हातीं घेऊन १९९० च्या फेब्रुवारींत बाजारांत आणला. १९९४ च्या तिसऱ्या आवृत्तींत 'लेयर' म्हणजे थर आले. एका चित्रावर दुसरें पारदर्शक चित्र ठेवावें तशी ती सोय. आमचीं नांवें अशाच एका थरांत होतीं. पुढें २००२ सालीं सातवी आवृत्ति आली. तिच्यांत 'हीलिंग ब्रश' नांवाचा कुंचला प्रथम मिळाला. तो शेजारच्या भागाचा पोत उचलून डागावर बसवितो, पण रंग आणि उजेड मात्र त्या जागेचाच ठेवतो. घडी पडलेलीं, डाग लागलेलीं जुनीं चित्रें नीट करणाऱ्या खेड्यापाड्यांतील स्टुडिओवाल्यांस हें जणूं वरदानच वाटलें.

ही सातवी आवृत्ति आमच्याकडे इतकी रुजली कीं आज दोन तपांनंतरहि ती उखडलेली नाहीं. लग्नाचे अल्बम, वाढदिवसाचे फलक, कांद्याच्या आडत्यांचीं कॅलेंडरें, सगळें तिच्यावर. सप्तशृंगगडावरील देवीच्या मूर्तीवरचें शेंदुराचें जाड कवच २०२२ सालीं काढण्यांत आलें आणि मूळ रूप दिसूं लागलें. तेव्हां आमच्या या स्टुडिओवाल्याला वर्षानुवर्षें सांठविलेल्या पत्रिकांच्या नमुन्यांतून देवीचा जुना थर काढून नवा बसवावा लागला. तें कामहि त्यानें त्याच जुन्या आवृत्तींत केलें, कारण नमुने तिच्यांतलेच होते.

तथापि जुन्या साधनाला चिकटून राहण्याचें खरें कारण आळस किंवा कंजूषी हें नाहीं. कांहीं ठिकाणीं तेंहि असेल. चोरून उतरविलेल्या प्रती आपल्याकडे किती चालतात हें मला ठाऊक आहे आणि तें मला मुळींच भूषणावह वाटत नाहीं. परंतु मराठी माणसाच्या बाबतींत खरें कारण आहे आपली लिपि. १९९० च्या सुमारास हीं साधनें आलीं तेव्हां त्यांना देवनागरी येत नव्हती. मग आपल्याकडील हुशार लोकांनीं युक्ति काढली. रोमन अक्षरांच्या जागीं देवनागरी वळणें काढून तसे फॉन्ट तयार केले. शाळेच्या संमेलनांत एखाद्या पोराला मावळ्याचा पोषाख चढवावा, तसा हा प्रकार. संगणकाच्या मनांत अक्षर रोमनच, अंगावर पोषाख मात्र देवनागरी. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकची 'श्री-लिपि', बंगळूरची 'आकृति', पुण्याच्याच सी-डॅक संस्थेची 'आय. एस. एम.', अशीं अनेक घराणीं झालीं, आणि प्रत्येकाचा पोषाख निराळा. एकाचा 'म' ज्या खुणेवर, दुसऱ्याचा तिच्यावर नाहीं. भारतीय मानक संस्थेनें १९९१ सालीं 'इस्की' ही भारतीय लिप्यांची प्रमाण सांकेतिक पद्धति प्रसिद्ध केली. त्याच वर्षीं जगांतील सर्व लिप्यांना स्वतंत्र क्रमांक देणाऱ्या 'युनिकोड'चीहि पहिली आवृत्ति निघाली. पुढें विंडोजला देवनागरी आली. परंतु सातव्या फोटोशॉपला युनिकोडची देवनागरी जुळवितां येत नाहीं. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या मागें न बसतां पुढें जाऊन पडते आणि जोडाक्षरें सुटीं होतात. म्हणून छपाईचें सारें जग, वर्तमानपत्रापासून लग्नपत्रिकेपर्यंत, त्या पोषाखी फॉन्टांवर चाललें. अशा फाइलीला तिचा फॉन्ट आणि तिचा प्रोग्रॅम नसला म्हणजे काय होतें तें मीं वर सांगितलेंच. फॉन्ट नसला तरी पूर्वीं काढलेलें अक्षरांचें चित्र फाइलींत तसेंच असतें, म्हणून तें दिसतें; पण अक्षरांना हात लावतांच संगणक तीं नव्यानें काढूं पाहतो, आणि पोषाख हातीं नसल्यानें आंतलें रोमन अक्षर उघडें पडतें.

मोडीची येथें आठवण होते. मोडी वाचणारे कमी झाले म्हणून पेशवे दप्तरांतील कागद नाहींसे झाले नाहींत. ते पुण्यास कपाटांत होतेच. रियासतकार सरदेसायांच्या संपादनाखालीं १९३० नंतरच्या चारपांच वर्षांत त्यांतले निवडक ४५ खंड छापले गेले, तेव्हां ते बाळबोध वाचणारांच्या हातीं आले. फरक इतकाच कीं मोडी शिकलेला माणूस पुन्हां तयार करतां येतो. बंद पडलेला प्रोग्रॅम शिकवणी लावून तयार होत नाहीं. तो कोठेंतरी जिवंत ठेवावा लागतो. फोटोशॉपच्या अगदीं पहिल्या आवृत्तीची मूळ संहिता कॅलिफोर्नियांतील संगणक-इतिहास संग्रहालयानें २०१३ सालीं अभ्यासकांसाठीं खुली केली. सुमारें १ लाख २८ हजार ओळी, बहुतेक पास्कल भाषेंतल्या. ती वाचतां येते. पण तिच्यानें आमचीं एकतीस नांवें परत येणार नव्हतीं.

आतां या साधनांचें वार्धक्य ठरवितें कोण? ज्यानें तीं केलीं तो. पेजमेकर हें पानें जुळविण्याचें साधन १९८५ सालचें. त्याची शेवटची मोठी आवृत्ति २००१ ची, आणि २००४ सालीं त्याची वाढ थांबविण्यांत आली. ज्या विंडोज एक्स्पीवर आमच्या स्टुडिओचें सारें काम चाले, तिची डागडुजी मायक्रोसॉफ्टनें ८ एप्रिल २०१४ रोजीं थांबविली. विंडोज सातची १४ जानेवारी २०२० रोजीं, आणि विंडोज दहाची १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं. अडोबीनें २०१३ सालीं विकत देण्याची रीत सोडून वर्गणीची रीत धरली. त्याच वर्षाच्या आरंभीं, २००५ च्या आवृत्तीला परवाना देणारा दूरचा संगणक बंद झाला. ज्यांनीं पैसे देऊन ती घेतली होती त्यांना नव्या यंत्रावर ती सुरू करतां येईना, म्हणून कंपनीला परवान्याची अट नसलेली निराळी प्रत पुरवावी लागली. सातव्या आवृत्तीचें सुदैव असें कीं तिला असा दूरचा परवाना लागतच नाहीं. डबीवरचा क्रमांक पुरतो.

जुनें साधन चालतें तर चालवावें, त्यांत धोका कोणता, असें आपण विचाराल. धोका चित्रांतच असतो, आणि हीच गोष्ट लोकांच्या ध्यानांत येत नाहीं. चित्राची फाइल म्हणजे नुसते रंग नव्हेत. तिच्या आरंभीं लांबी किती, रुंदी किती, पुढें मजकूर किती, असे आंकडे असतात. जुना प्रोग्रॅम त्या आंकड्यांवर भोळेपणानें विश्वास ठेवतो. कोणी दुष्टानें खोटे आंकडे घातले म्हणजे ठरविलेल्या जागेंत न मावणारा मजकूर शेजारच्या जागेंत सांडतो, आणि तो कुशलतेनें रचलेला असला तर संगणक त्यालाच आज्ञा समजून पाळूं लागतो. २००४ च्या सप्टेंबरांत मायक्रोसॉफ्टला असें जाहीर करावें लागलें कीं नुसतें एक जे-पेग चित्र पाहिल्यानेंहि संगणक परक्याच्या ताब्यांत जाऊं शकतो. २०१२ सालीं फोटोशॉपमध्यें टिफ चित्रांच्या बाबतींत असेंच छिद्र सांपडलें. प्रथम कंपनीनें सांगितलें कीं नवी आवृत्ति विकत घ्या. दोन वर्षांपूर्वीं पैसे मोजून घेतलेल्या लोकांनीं ओरड केली, तेव्हां जुन्या आवृत्तीलाहि ठिगळ देण्याचें कबूल करण्यांत आलें. २००२ सालच्या आवृत्तीसाठीं आतां ओरडणारेहि नाहींत आणि ठिगळ देणारेहि नाहींत.

आमच्याच भागांतील एका दुकानाची हकीकत सांगतों; नांवाची गरज नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं कोण्या गिऱ्हाइकाच्या पेनड्राइव्हमधून त्यांच्या जुन्या संगणकांत व्हायरस शिरला. सकाळीं पाहतात तों प्रत्येक फाइलीला कुलूप, आणि पडद्यावर खंडणीची मागणी. दुसरी प्रत ठेवलेली होती; पण ती ज्या हार्ड डिस्कवर होती ती डिस्क सदैव त्याच संगणकाला जोडलेली, त्यामुळें तिलाहि त्याच वेळीं कुलूप पडलें. बारा वर्षांचीं लग्नें, बारशीं, निरोपसमारंभ एका रात्रींत गेले. चार दिवसांनीं एक बाई तेथें आल्या. त्यांचा मुलगा अपघातांत गेला होता; कॉलेजच्या अर्जासाठीं त्यानें त्याच दुकानांत फोटो काढला होता, तो त्यांना मोठा करून हवा होता. दुकानदारानें काय सांगितलें तें मला ठाऊक नाहीं. त्या पायरीवर बराच वेळ बसून होत्या, एवढें मीं पाहिलें.

हें लहान दुकानाचें झालें. २०१७ च्या मे महिन्याच्या १२ तारखेस 'वॉनाक्राय' नांवाची साथ दीडशेंहून अधिक देशांत पसरली. त्या छिद्राचें ठिगळ दोन महिने आधींच निघालें होतें, पण पुष्कळांनीं तें लावलेंच नव्हतें. एक्स्पीची मुदत संपून तीन वर्षें झालीं असतांहि मायक्रोसॉफ्टनें तिच्यासाठीं दुसऱ्या दिवशीं अपवाद म्हणून ठिगळ दिलें. पुढच्याच महिन्यांत, २७ जूनला, दुसरी साथ आली. ती न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरापर्यंत पोहोंचली. मर्स्क या डॅनिश कंपनीच्या गटाकडे असलेल्या तेथील धक्क्यावरचें संगणकी काम ठप्प झालें. मौज अशी कीं ही दुसरी साथ युक्रेनमधील एका हिशेबी प्रोग्रॅमच्या 'अपडेट'मधूनच निघाली होती. म्हणजे अपडेट हेंच सर्व रोगांवर औषध, असेंहि डोळे मिटून म्हणतां येत नाहीं. तरीपण औषध कधींमधीं बाधतें म्हणून कोणी तें घेण्याचें सोडीत नाहीं.

मग आमच्या नांवांसाठीं आम्हीं काय केलें? विद्यार्थ्याकडे बिस्किटांच्या डब्यांत फोटोशॉप सातची विकत घेतलेली तबकडी, एक्स्पीची तबकडी आणि फॉन्टांची तबकडी, तिन्हीं होत्या. पहिला विचार असा कीं माळ्यावरचा जुना संगणक खालीं काढावा. तो सुरूच होईना. सातवी आवृत्ति सरळ नव्या विंडोजवर चढवितां येते आणि पुष्कळांकडे ती चालतेहि. मात्र आजच्या यंत्राची अवाढव्य स्मृति पाहून ती गोंधळते आणि स्मृति पुरत नाहीं अशी उलटीच तक्रार करते. शिवाय भोळा प्रोग्रॅम आणि घरचें सर्व धन एकाच खोलींत राहतात. म्हणून आम्हीं 'व्हर्च्युअल मशीन'चा मार्ग धरला.

हा मार्ग वाटतो तितका नवा नाहीं. १९६० नंतरच्या दशकांत आय. बी. एम.च्या अभियंत्यांनीं एका मोठ्या यंत्राच्या पोटांत अनेक काल्पनिक यंत्रें चालविण्याची युक्ति काढली. १९७२ सालीं ती बाजारांत आली. प्रत्येक माणसाला वाटे कीं सारें यंत्र आपलेंच. १९९९ सालीं ही सोय टेबलावरच्या साध्या संगणकावर आली आणि २००७ सालीं 'व्हर्च्युअलबॉक्स' हें फुकट मिळणारें साधन निघालें. त्यांत आपण सांगावें कीं एक जुना संगणक आहे, त्याला स्मृति इतकी, डिस्क इतकी. आणि त्या मानलेल्या संगणकांत जुनी विंडोज खरीच आहे अशा समजुतीनें नांदूं लागते. आम्हीं त्याला मुद्दाम एक गिगाबाइटच स्मृति दिली आणि डिस्कहि बेताची दिली, म्हणजे म्हाताऱ्या प्रोग्रॅमला ओळखीचें घर मिळालें.

घरांतल्या बायका लोणच्याच्या बरणीला ओला चमचा लागूं देत नाहींत. आम्हींहि त्या मानलेल्या संगणकाला तसेंच जपलें. त्याचें इंटरनेट तोडलें; नुसतें बंद केलें असें नव्हे, तर त्याला जाळ्याशीं जोडणारा भागच काढून टाकला. खऱ्या आणि मानलेल्या संगणकांत वस्तूंची देवघेव करण्यासाठीं दोनच फोल्डर ठेवले. एकांतून आंत फक्त वाचतां येईल, दुसऱ्यांतून तयार काम बाहेर येईल, आणि बाहेर आलेलें नव्या संगणकाच्या व्हायरसशोधकाखालून जाईल. एका संगणकांत उचललेला मजकूर दुसऱ्यांत टाकण्याची सोय बंद केली. ती आवडती असली तरी तें दारच आहे. पेनड्राइव्ह आंत जोडावयाचा नाहीं. सर्व मांडून झाल्यावर त्या स्थितीची 'स्नॅपशॉट' म्हणजे नोंद घेऊन ठेवली. काम झालें कीं पुन्हां त्या नोंदीवर जावयाचें, म्हणजे दिवसभरांत आंत कांहीं शिरलें असलें तरी पाटी पुसली जाते. बाहेरच्या माणसाचें चित्र जुन्या प्रोग्रॅमला सरळ कधींच द्यावयाचें नाहीं. तें आधीं नव्या, डागडुजी होत असलेल्या प्रोग्रॅममध्यें उघडून साध्या टिफमध्यें पुन्हां जतन करावयाचें आणि तें नवें टिफ आंत धाडावयाचें. असें केल्यानें खोटे आंकडे बहुधा वाटेंतच गळून पडतात. 'बहुधा' म्हणतों, कारण नव्या प्रोग्रॅमांतहि छिद्रें निघतात. २०२३ च्या सप्टेंबरांत वेब-पी चित्रांबाबत असेंच निघालें होतें.

ज्यांना इतकी खटपट नको, त्यांनीं एक जुना संगणक कायमचा जाळ्याबाहेर ठेवला तरी चालेल. मात्र पेनड्राइव्हवर नजर हवी, कारण जाळें तोडलेल्या यंत्रांतहि रोग त्याच वाटेनें येतो. प्रती तीन असाव्यात, दोन निरनिराळ्या माध्यमांवर, आणि एक दुसऱ्या जागीं. ती तिसरी प्रत संगणकाला जोडून ठेवूं नये, हें त्या दुकानानें आम्हांला शिकविलें. आणि ज्यांना केवळ नवें काम करावयाचें आहे त्यांनीं या भानगडींत पडूंच नये. 'गिम्प' हें १९९६ पासून फुकट मिळणारें साधन आहे. बर्कलेच्या दोन विद्यार्थ्यांनीं तें आरंभिलें. त्यांत युनिकोड मराठी नीट उमटते, आणि त्यांत लिहिलेलें नांव दहा वर्षांनीं अधोरेखा होऊन बसणार नाहीं. आमच्या स्टुडिओवाल्याला हें मीं अनेकदां सांगितलें आहे. तो हो म्हणतो आणि डोंगल शोधूं लागतो. डोंगल म्हणजे जुन्या मराठी प्रोग्रॅमांना लागणारी एक किल्ली. ती प्रिंटरच्या जुन्या भोंकांत बसते, आणि आजच्या संगणकाला तें भोंकच नसतें. नांवें नव्यानें टंकावयाचीं असतीं तर आम्ही येथेंच अडलों असतों. पण आम्हांला टंकावयाचें नव्हतें. फॉन्ट तेवढा हवा होता.

एका रविवारीं दुपारीं ती फाइल आम्हीं आंत धाडली. प्रोग्रॅमनें एकदोन कुरकुरीच्या सूचना दिल्या. विद्यार्थ्यानें नांवांचा थर निवडला आणि यादींतून जुना फॉन्ट शोधून त्यावर टिचकी मारली. कंस, अधोरेखा, चलनाच्या खुणा क्षणांत पुसल्या गेल्या आणि तीन रांगांत एकतीस नांवें उभीं राहिलीं. अक्षरें गेलींच नव्हतीं. पोषाख उतरला होता तो पुन्हां चढला. आम्हीं त्यांचें टिफ केलें, एक कागदावर छापलें, आणि माझ्या आग्रहास्तव मीं सगळीं नांवें वहींत हातानें उतरवून घेतलीं. त्यावर तो हंसला. नंतर त्यानें तींच नांवें युनिकोडमध्येंहि टंकून नव्या फाइलींत घातलीं.

ती यादी घेऊन परवां मी त्या छायाचित्रांतल्याच एका गृहस्थांकडे गेलों. वय ७७, शेती करतात, दृष्टि उत्तम. दुसऱ्या रांगेंत डावीकडून पांचवे. त्यांनीं चित्र उन्हांत धरून एकेकाला हांक मारल्यासारखें नांव घेतलें, कोण कोठें असतो, कोण केव्हां गेला, तें सांगितलें. तिसऱ्या रांगेशीं येऊन ते थांबले. म्हणाले, "मास्तर, हें नांव चुकलं. ही सुमन नव्हे. ही तिची धाकटी बहीण, कुसुम. सुमन त्या दिवशीं तापानं घरीं होती." मीं खिशांतून पेन्सिल काढून वहींत दुरुस्ती केली. फाइलींतली दुरुस्ती अजून व्हावयाची आहे.